उन्हाळी फेलोशिपला जाऊ की फिल्डवरच शिकू?

तुझा प्रश्न असा आहे की गोव्यात एका मराठी पेपरला दीडेक वर्ष वार्ताहर आहेस, सहा आठवड्यांची उन्हाळी ट्रेनिंग फेलोशिप मिळतेय, स्टायपेंड पण आहे, पण तुझे सीनियर म्हणतायत की पत्रकारिता फिल्डवरच शिकायची असते, वर्गात बसून कोण पत्रकार झालाय. तर जावं का.

जा.

एवढ्यावर उत्तर संपलं असतं, पण तुझ्या सीनियरचं ते वाक्य मी जसंच्या तसं ऐकलेलं आहे आणि ते अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. तेव्हा मी डिचोली तालुका बघायचे. आमच्या ऑफिसातल्या एका सीनियरनी चहा पिता पिता सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "शिबिरं करून पत्रकार होत नाहीत गो, त्याला पायपीट लागते." अरे पण पायपीट तर मी करतच होते ना! सकाळी पंचायत, दुपारी पोलीस स्टेशन, संध्याकाळी कुठल्या तरी देवळाच्या मंडपात सत्कार, रविवारी ग्रामसभा. त्यात डिचोली म्हणजे खाणीचा भाग. २०१२ ला खाणी बंद झाल्या, मग थोड्या सुरू झाल्या, मग फेब्रुवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून परत सगळं ठप्प. ट्रक दारात उभे, बँकेचे हप्ते चालू, गॅरेजवाल्यापासून चहाच्या गाड्यापर्यंत सगळ्यांचा धंदा बसलेला, आणि त्या सगळ्यांच्या घरी जाऊन बसलेली बाई मी आहे. फिल्ड मला कमी पडत नव्हतं.

कमी काय होतं तर मी पाठवलेली कॉपी कोणी वाचत नव्हतं. म्हणजे डेस्कवर वाचायचे, शुद्धलेखन बघायचे, हेडिंग द्यायचे, जागा नसेल तर शेवटचे दोन परिच्छेद उडवायचे. पण उलट फोन करून "हे तुला कसं कळलं" किंवा "दुसरी बाजू कुठे आहे" असं कधी कोणी विचारलं नाही. बातमी लागायची किंवा लागायची नाही, आणि का लागली आणि का नाही हे आपणच ओळखायचं. वर्धापनदिनाच्या पुरवणीला जाहिराती किती आणल्या हे मात्र नाव घेऊन विचारायचे. अशा ठिकाणी माणूस दहा वर्षं फिल्डवर राहिला तरी पहिल्या वर्षाचंच काम दहादा करतो, हे माझं स्पष्ट मत आहे आणि ते कोणाला झोंबलं तर झोंबू दे.

आमची फेलोशिप पणजीत होती, संस्थेचं नाव घेत नाही कारण मला तिची जाहिरात करायची नाही. पहिल्याच आठवड्यात मेंटॉर बाईंनी सगळ्यांना आपली एक छापून आलेली बातमी आणायला सांगितली. मी ग्रामसभेची नेली, पहिल्या पानावर आलेली. त्यांनी ती माझ्या शेजारी बसून, पेन हातात घेऊन, एकेक वाक्य वाचली आणि जिथे जिथे वाटलं तिथे समासात दोनच शब्द लिहिले, "कोणी सांगितलं?" ग्रामस्थांमध्ये संतापाची लाट पसरली आहे, कोणी सांगितलं? प्रशासनाचे दुर्लक्ष होत आहे, कोणी सांगितलं? अनेक वर्षांपासून हा प्रश्न प्रलंबित आहे, म्हणजे कुठल्या वर्षापासून, कुठल्या कागदावर? ही सगळी वाक्यं मी काही घरून आणली नव्हती, तालुक्याच्या बातमीची भाषाच ती आहे, उद्याचा कुठलाही पेपर उघड, सापडतील. पण माझ्या कामावर कोणी अर्धा तास बसलं हेच मी पहिल्यांदा अनुभवत होते, आणि बाहेर आले तेव्हा मला इतका आनंद झाला होता की मी बस सोडून पाटोवरून चालतच सुटले.

मग मोठी स्टोरी करायची होती. मी पणजीजवळच्या तिसवाडी तालुक्यातलं एक खाजन घेतलं. गाव सांगत नाही. खाजन तुला माहीत असेलच, भरतीच्या पातळीच्या खाली असलेली शेतं, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली, आणि बांधात मानस, म्हणजे पाण्याचं दार. मानशीच्या लाकडी फळ्या भरतीचं पाणी बाहेरून रेटायला लागलं की आपोआप बंद होतात आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर पडताना उघडतात, ना मोटर ना वीज. त्या मानशीवर मासे धरायच्या हक्काची पावणी म्हणजे लिलाव होतो, आणि ते पैसे टेनंट असोसिएशनने, म्हणजे खाजनातल्या शेतकऱ्यांच्या संघटनेने, बांध आणि मानस सांभाळायला वापरायचे असतात. त्या गावात बांध फुटला होता, शेतात खारं पाणी शिरलं होतं, एका बाजूला तिवर म्हणजे खारफुटी उगवली होती, आणि तिवर एकदा वाढलं की सीआरझेडमुळे, म्हणजे किनारपट्टीच्या नियमांमुळे, तोडता येत नाही म्हणजे ते शेत गेलंच. गावातले शेतकरी सांगत होते की पावणी घेणारा मासे जास्त मिळावेत म्हणून भरतीला मानस उघडीच ठेवतो.

ही बातमी मी ऑफिसात असते तर त्याच संध्याकाळी दिली असती. शेतकऱ्यांचा आरोप, आमदारांचं आश्वासन, बांधाचा फोटो. बाईंनी विचारलं, तू बघितलीस का मानस उघडी? आणि भरती किती वाजता होती?

भरतीची वेळ! आयुष्यभर गोव्यात राहून मी कधी बातमीसाठी भरतीची वेळ बघितली नव्हती, आणि मला वाटतं आपल्यापैकी फार कमी जणांनी बघितली असेल. तक्ता घेऊन परत गावात गेले. बांधावर एक म्हातारे शेतकरी होते, आधी त्यांच्या वडिलांकडे मानशीची राखण असायची, ते एवढंच म्हणाले, "रातीं येवन पळय बाय, मागीर बरय." रात्री येऊन बघ, मग लिही. मग अमावास्येच्या उधाणाला भावाला बरोबर घेऊन रात्री गेले. फळ्या दोरीने वर बांधलेल्या होत्या. टॉर्च मारला तर दोरी नवी, निळी नायलॉनची, खिळ्याला दोन वेढे, आणि खालून पाणी असं घोंघावत आत येत होतं की शेजारी उभ्या भावाशी ओरडून बोलावं लागत होतं. आतल्या बाजूला बांधाची माती ढेकळा-ढेकळाने सुटून पडताना दिसत होती. उन्हाळ्यात थोडं खारं पाणी आत घेतात, त्यात गैर काही नाही, पण ते ठरलेल्या पातळीपर्यंत, पूर्ण भरती आत सोडायची नसते. वेळ लिहून घेतली, फोटो काढले.

मला वाटलं झाली स्टोरी. बाई म्हणाल्या, पावणीवाल्याकडे गेलीस?

गेले. आणि तिथे स्टोरी पूर्ण फिरली. तो माणूस चिडला नाही, मला घेऊन दिवसाउजेडी मानशीवर आला आणि दाखवलं की फळ्या खालून कुजल्यात, बिजागरी गेलीये, फळी बंद केली तरी पाणी आत येतंच, उलट प्रेशरने फळीच निखळून वाहून जाईल म्हणून बांधून ठेवतो असं त्याचं म्हणणं. मी पावणीचे पैसे भरतो, दुरुस्ती कोणी करायची? आता त्याला जास्त मासे पण मिळतच होते, ते काही तो बोलला नाही. पण फळ्या कुजलेल्या होत्या हे मी हात लावून बघितलं. म्हणजे प्रश्न "वाईट माणूस कोण" हा राहिलाच नाही, पावणीचे पैसे गेले कुठे हा झाला.

याचं उत्तर कागदातच होतं. बाईंनी पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना आरटीआय टाकायला लावला होता, कारण उत्तराची मुदत ३० दिवस आणि फेलोशिप सहा आठवडे, उशीर केला तर उत्तर यायच्या आधी तुम्ही घरी. आणि अर्जात "माहिती द्या" असं मोघम नाही लिहायचं, कुठल्या वर्षांचे हिशेब, पावणीची रक्कम किती, दुरुस्तीवर खर्च किती, असं सुटं सुटं लिहायचं, शिवाय फाईल स्वतः बघायची मागणी करायची, कायद्यात तो हक्क आहे. मी मामलेदार ऑफिसात दिला, टेनंट असोसिएशनवर देखरेख त्यांची असते. उत्तर मुदत उलटून, फेलोशिप संपल्यावरच आलं. पावणीचे पैसे दरवर्षी जमा झालेले, मानशीच्या दुरुस्तीवर खर्च काहीच नाही.

स्टोरी आमच्याच पेपरात लागली, अँकर म्हणजे पानाच्या तळाची मोठी बातमी म्हणून, बायलाइनसकट. त्यात "संतापाची लाट" नव्हती. आमदारांचं आश्वासन पण नव्हतं. शेतकऱ्यांनी ते कात्रण असोसिएशनच्या सर्वसाधारण सभेत नेलं, हिशेब वाचायला लावले, आणि पावसाळ्यानंतर फळ्या बदलल्या गेल्या. ते काम शेतकऱ्यांनी रेटून करून घेतलं, पण हातात कागद होता म्हणून रेटता आलं, आणि तो कागद माझ्या बातमीतून त्यांना मिळाला याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

आमचे सीनियर काय म्हणाले माहितीये? "एका बातमीला एवढे दिवस? एवढ्यात मी पान भरून बातम्या दिल्या असत्या." तेव्हा मी गप्प बसले. आता इथे सांगते. पान भरणं हे काम आहे, ते कमी नाही, रोज संध्याकाळी पान सोडायचं टेन्शन काय असतं मला माहितीये. पण ते करून कोणी शिकतो हे खोटं आहे. आणि हीच मंडळी जुन्या काळाच्या गोष्टी सांगतात तेव्हा काय सांगतात? १९६२ ला गोमन्तक पेपर निघाला, बा. द. सातोस्कर संपादक, पुढे माधव गडकरी आले, तेव्हाचे संपादक कसे होते, कॉपी कशी फाडून टाकायचे, परत लिहायला कसं बसवायचे. अहो मग तेच तर ट्रेनिंग! तुम्हाला ते पगारासोबत ऑफिसातच मिळालं म्हणून त्याला तुम्ही फिल्ड म्हणता. आमच्या वाट्याला कॉपी फाडणारा कोणी आलाच नाही, तो आम्हाला बाहेर जाऊन शोधावा लागतो, आणि शोधायला निघालो की तुम्हीच अडवता.

आता तुझ्यासाठी कामाचं. सगळ्या फेलोशिप चांगल्या नसतात. दिवसभर पाहुण्यांची भाषणं, शेवटी मंत्र्यांच्या हस्ते सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो, अशी असेल तर नको जाऊस, त्यापेक्षा खरंच फिल्ड बरं. आधी फोन करून एकच विचार, माझी कॉपी कोण वाचणार आणि किती वेळा परत देणार. नीट उत्तर नाही आलं तर सोड. मराठीत लिहू देतात का ते पण विचार, कारण गोव्यात अशा ठिकाणी सगळं इंग्रजीतून गृहीत धरतात आणि पेडणे-सत्तरीतून आलेलं पोर, ज्याला जागेवरची माहिती सगळ्यांपेक्षा जास्त असते, तेच मागच्या बाकावर गप्प बसतं. आमच्या बॅचला मराठीत लिहायला मिळालं आणि बाईंना मराठी येत होतं म्हणून माझं जमलं.

जाताना एखादा विषय बरोबर घेऊन जा, तिथे जाऊन शोधू नको. जमिनीचा घेतलास तर एक-चौदाचा उतारा (जमीन कोणाच्या नावावर ते दाखवणारा) वाचायला आणि राजपत्र चाळायला तिथेच शिकून घे. टीसीपीच्या, म्हणजे नगर नियोजन कायद्याच्या, झोन बदलाच्या १७(२) कलमावरून २०२३ पासून एवढं रान उठलं, आणि झोन बदलाच्या अधिसूचना सर्वे नंबरासकट राजपत्रात येतात, तरी आपण मराठीवाले आंदोलनाचा फोटो छापून मोकळे होतो. तुझ्या तालुक्यातला एकच सर्वे नंबर घेऊन शेवटपर्यंत गेलास तरी सहा आठवडे पुरायचे नाहीत.

घरची परिस्थिती मला माहीत नाही. स्टायपेंडमध्ये भागत नसेल, घरी तुझ्या पगारावर कोणी अवलंबून असेल, तर पुढच्या वर्षी जा, त्यात काही कमीपणा नाही. आणि परत आल्यावर ऑफिस तेच असणार, सीनियर तेच, डेस्क तेच, लगेच काही बदलेल असं धरून जाऊ नकोस, मला पण परत सत्कारांच्या बातम्या द्याव्याच लागल्या. फक्त आता पाठवायच्या आधी माझी कॉपी मीच समासात पेन घेऊन वाचते.

आणि रजा लेखी घे. मेल कर, तारखा घाल, परत रुजू कधी होणार ते घाल, उत्तर मेलवरच माग. मला तोंडी "जा गो, बघू नंतर" असं सांगितलं होतं आणि परत आल्यावर मधल्या काळाचं आधीच ठरलेलं मानधन अडकवून ठेवलं, वर रजा कोणी दिली होती म्हणून मलाच विचारलं. दाखवायला माझ्याकडे एक ओळ नव्हती.