जपानमधली पहिली दिवाळी

अगं, तोक्योला जातेयस म्हणून दिवाळीच्या फराळाचं टेन्शन नको घेऊस, आधी शेगडीचं बघ. तोक्योत आमच्याकडे इंडक्शन होती. ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून हौसेनं नेलेली गोल बुडाची कढई तिच्यावर नुसती डुगडुगायची, तापायची नाही. तू सपाट बुडाचीच घे. सोऱ्या मात्र ठाण्यातूनच ने. बेसन, मसाले तोक्योतल्याच निशी-कासाई भागातल्या भारतीय दुकानांत मिळतात.

तळणीचं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतायचं नाही हं! तिथे त्यासाठी पावडर मिळते. गरम तेलात ढवळायची, गार झालं की तेल घट्ट थिजतं. मग उलथन्यानं उचलायचं नि जळाऊ कचऱ्यात टाकायचं. पहिल्यांदा मला ती थिजलेली चकती चक्क खोबऱ्याची वडीच वाटली होती.

फुलबाज्या तिकडे उन्हाळ्याची मजा, म्हणून ऑगस्टमध्येच घेऊन ठेव. जवळच्या बागेत पेटवू देतात का, तेही आधी विचार.

दिवाळीला तिकडे सुट्टी नसते. ठाण्यातल्या तलावपाळीची दिवाळी पहाट फोनवर बघशील म्हणतेस, पण इथले सकाळचे सात म्हणजे तुझे साडेदहा, तू ऑफिसात! त्यापेक्षा लक्ष्मीपूजनाला फोन लाव. आईनं इथे सहाला पणती लावली की तुझे साडेनऊ झालेले असतील, जेवूनखाऊन निवांत.