वाचकांचे प्रश्न : साडेआठशे रुपयांचं मेडल

प्रश्न : माझे वडील पहिल्या मराठा पलटणीतून, म्हणजे जंगी पलटणीतून, हवालदार म्हणून रिटायर झाले. 1971 च्या युद्धात, डिसेंबरात, ते जमालपूरला (आजच्या बांगलादेशात) होते. गेल्या महिन्यात माझा मुलगा मोबाइलवर जुनी नाणी बघत होता, तेव्हा त्याला एक संग्राम मेडल, म्हणजे त्याच युद्धातल्या जवानांना मिळालेलं पदक, विकायला ठेवलेलं दिसलं. किंमत 850 रुपये, डिलिव्हरी फुकट. फोटो मोठा केला तर कडेवर नंबर, हुद्दा आणि आपल्याकडचंच एक आडनाव वाचता येतं. वडिलांना दाखवलं तर एवढंच म्हणाले, "आपलं ट्रंकेत आहे का बघ." ही विक्री बेकायदा नाही का? तक्रार कुठे करायची? की आपणच ते विकत घ्यावं?
— एक वाचक, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर : आधी वडिलांना माझा नमस्कार सांगा. आणि ट्रंकेतलं सापडलं ना? ते लिहायचं तुम्ही विसरलात.

कायद्याचं उरकून घेतो, कारण तिथे तुमच्या हाती फारसं काही लागणार नाही. सैन्य अधिनियम 1950 च्या कलम 54 प्रमाणे जवानाने स्वतःला मिळालेलं पदक विकणं, गहाण टाकणं हा गुन्हा आहे. पण हा कायदा नोकरीतल्या माणसासाठी. त्याच्या सुनेला, नातवाला किंवा भंगारवाल्याला तो काही विचारत नाही. दुसऱ्याचं पदक लावून फौजी असल्याची बतावणी केली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 168 आहे; नुसतं विकणाऱ्याला तेही लागत नाही. चोरीचा माल असेल तर गोष्ट वेगळी, पण चोरी झाली हे आधी त्या घरच्यांनी म्हणायला हवं. पहिल्या महायुद्धाच्या पदकांचं मात्र निराळं आहे. शंभर वर्षं उलटलेली ऐतिहासिक वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्यात येते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. 'परदेशातही पाठवू' असं लिहून कुणी 1914-18 चं पदक विकत असेल, तर पुरातत्त्व खात्याला खुशाल कळवा. तुमचं प्रकरण 1971 चं, त्यामुळे ही वाट तुम्हाला बंद.

बाहेरच्या देशांतही सगळा आनंदच आहे. अमेरिकेत फक्त त्यांचं सर्वोच्च 'मेडल ऑफ ऑनर' विकायला बंदी आहे, आणि ब्रिटनमध्ये तर व्हिक्टोरिया क्रॉस या त्यांच्या सर्वोच्च शौर्यपदकाचाही उघड लिलाव होतो.

आता एक गोष्ट नीट बघा. विकायला दिसणारं प्रत्येक मेडल कुणाच्या छातीवरचं असतंच असं नाही. जवानाचं मेडल हरवलं किंवा रिबन विटली की तो छावणीतल्या दुकानातून नवा जोड घेतो. त्या मेडलची कड कोरी असते आणि ते विकण्यात वावगं काही नाही. तुम्ही पाहिलेल्या मेडलच्या कडेवर नाव आहे, म्हणून तुम्हाला ते खुपलं, आणि खुपायलाच हवं. मी तीस वर्षं नाणी-पदकं जमवतोय, म्हणून लाज वाटत असूनही सांगतो : आम्ही संग्राहक पैसे मोजतो ते त्या नावाचेच. कोऱ्या मेडलला कुणी विचारत नाही. नाव असलं, पलटण कळली, त्या पलटणीने एखादी लढाई मारली असली, की भाव चढतो. माझा आक्षेप नेमका यालाच आहे, आणि तो माझ्यावरही लागू आहे.

पण विकणाऱ्या घराला शिव्या घालण्याआधी माझ्या आजोळची गोष्ट ऐका. आईचे वडील पहिल्या महायुद्धात 'बसऱ्याला', म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेले होते. मेसोपोटेमिया हा शब्द घरात कुणाच्या तोंडी बसला नाही. परत आले ते दोन मेडलं घेऊन. एक चांदीचं, अडीच-तीन तोळ्यांचं. त्याच्या एका बाजूला पंचम जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला एक उघडानागडा पुरुष. आजीने ते देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवलं, पण कायम राजाचं तोंड वर करून. आम्ही पोरं ते उलटं करायचो आणि मार खायचो.

1980 च्या जानेवारीत चांदी भडकली. मामेबहिणीचं लग्न ठरलेलं. मामाने जुन्या तोडे-वाळ्यांबरोबर तेही सराफाच्या तराजूत टाकलं. सराफाने रिबन सोडवून परत दिली, तिचं वजन कशाला धरायचं! मामावर मला तेव्हाही राग धरता आला नाही. दुसरं मेडल पितळी रंगाचं, पंखवाल्या बाईचं. ते कुणाला नको होतं, म्हणून माझ्याकडे आलं. कडेवर आजोबांचा नंबर आहे, आणि इंग्रजीत आडनाव असं काही लिहिलंय की आम्ही कोण हे आम्हालाच कळू नये.

तेव्हा तुम्ही असं करा. फोटो जपून ठेवा आणि विकणाऱ्याला मेडल कुठून आलं ते सरळ विचारा. मेडलवर नंबर असतो, गाव नसतं. गाव रेकॉर्डमध्ये असतं. म्हणून नंबर आणि नाव बेळगावला मराठा रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला कळवा, एक प्रत साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात द्या. ते घर सापडलं तर त्यांना आधी एवढंच विचारा, 'हे गेलंय हे तुम्हाला ठाऊक आहे का?' कित्येकदा ठाऊक नसतं. घर आवरताना डबा भंगारात गेलेला असतो.

विकत घ्यावं का? मी घेतलं असतं. याने विकणाऱ्याचंच फावतं हे खरं, पण उद्या ते तिसऱ्याच गावी गेलं की माग संपला. घेतलंत तर पितांबरीने घासू नका. 26 जानेवारी आली की घरोघर मेडलं लखलखीत करतात आणि कडेवरची अक्षरं झिजत जातात. कोरड्या मऊ फडक्याने पुसा, पुरे. वडिलांचं मेडलही तसंच ठेवा.

त्या नंबराचा वडिलांच्या नंबराशी मेळ बसतो का, हेही त्यांना विचारा. एका भरतीतल्या पोरांचे नंबर पुष्कळदा मागेपुढे असतात. कुणास ठाऊक, तो माणूस त्यांना आठवेलही. आठवला तर मला जरूर लिहा, आणि सोबत फोटो पाठवाल तो कडेचा पाठवा.