साक्ष द्यायला उभी राहिले की पाय लटपटतात

प्रश्न : जय ख्रिस्त, ताई. मी मूळची विट्याची. मिरजेत जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते. देवासाठी बोलावं असं लहानपणापासून वाटतं, पण तोंडच उघडत नाही. मागच्या महिन्यात चर्चच्या पाळकसाहेबांनी तरुण संघात साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढं सांगायला सांगितलं. माझं नाव पुकारायच्या आत मी चपला घालून बाहेर. मेसमध्ये मैत्रिणींसमोर जेवणाआधी डोळे मिटायलाही भीती वाटते. परवा वॉर्डात एक आज्जी म्हणाल्या, "पोरी, तू चर्चला जातीस नव्हं? माझ्यासाठी तुझ्या देवाकडं कायतरी माग की." मी "हो आज्जी" म्हटलं आणि बीपीचं मशीन घेऊन पुढच्या बेडकडं गेले. त्या रात्री झोप लागली नाही. नर्सिंग सोडून बायबल कॉलेजला जाऊ का? की माझ्यासारखीला देव बोलावतच नाही? पप्पा म्हणतात, आधी नोकरी.

उत्तर : जय ख्रिस्त, बाळ.

तुझ्या पत्रातले दोन प्रश्न एकमेकांशी भांडतायत. देव बोलावतच नसेल तर बायबल कॉलेज कशाला? आणि बोलावत असेल, तर ते बोलावणं आज्जींच्या बेडपाशी आलं होतं, तिथनं तू निघून आलीस. रागावू नकोस, पण मला वाटतं तू अशी जागा शोधतेयस जिथं सगळे आपलेच असतील आणि डोळे मिटले तर कुणी वळून बघणार नाही. बायबल कॉलेज तशी जागा नाही. तिथं उपदेशाचा तास असतो. तू बोलून खाली बसलीस की वर्गातलीच मुलं चुका काढतात.

आता भीतीचं. मी विसाव्या वर्षी सांगलीत पहिल्यांदा साक्ष दिली, तेव्हा हातातला कागद एवढा थरथरत होता की तो माईकला लागून खरखर आवाज यायचा. मागच्या बाकावरची पोरं फिदीफिदी हसली. चार वाक्यं बोलून मी बसले. पुढच्या वेळी कागद बायबलमध्ये ठेवून बायबल दोन्ही हातांनी धरलं. खरखर थांबली, थरथर नाही. आजही पालकसभेत बोलायच्या आधी माझे तळहात गार पडतात. गेली पंचवीस वर्षं गार हातांनीच बोलतेय.

येशूच्या शिष्याला, पेत्राला आठव. येशूला पकडून नेलं त्या रात्री अंगणात शेकोटीपाशी एका दासीने नुसतं विचारलं, तूही त्याच्याबरोबरचाच ना? तेवढ्यावर गडी फिरला, मी त्याला ओळखतच नाही म्हणाला. तोच पेत्र बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात यहुदी न्यायसभेपुढं उभा राहतो आणि हा अशिक्षित माणूस एवढ्या धिटाईनं बोलतो कसा, असं सभेला नवल वाटतं. मला मात्र त्याच्या पुढचा भाग जास्त आवडतो. धमक्या ऐकून सुटून आल्यावर पेत्र आणि त्याचे सोबती मिळून देवाकडं काय मागतात? आम्हाला धैर्यानं बोलू दे. म्हणजे सभेपुढं बोलून आल्यावरही त्यांना धैर्य मागावं लागलं. पौलसुद्धा करिंथकरांना सरळ लिहितो की मी तुमच्याकडं आलो तेव्हा भीत होतो, कापत होतो. तेव्हा पाय लटपटतात म्हणून बोलावणं नाही, हा तुझा हिशोब काही जुळत नाही. मोशेनं जीभ जड असल्याची सबब सांगितली, तर देवानं त्याला अहरोनाची सोबत दिली. कामातून सुट्टी दिली नाही.

एक विचारते. नाईट ड्यूटी संपल्यावर इन्चार्ज सिस्टरपुढं हँडओव्हर कोण देतं? तूच ना? पहिल्या वर्षी तेव्हा आवाज फुटत नव्हता, आणि आता बेड नंबर, सलाईन, युरिन आउटपुट घडाघडा सांगत असशील. तिथं भीती मरायची वाट बघितली नाहीस, रोज बोलावं लागलं म्हणून जीभ सुटली. साक्षीचंही तसंच कर. तीन मिनिटांची, स्वतःची, घडलेली एकच गोष्ट. "देवाने मला अंधारातून काढले" असली छापील वाक्यं नकोत. ती पाठ करावी लागतात आणि पाठ केलेलं नेमकं उभं राहिल्यावर विसरतं. पाळकसाहेबांना आधीच सांग की मी घाबरते, माझ्याबरोबर कुणीतरी पुढं उभं राहू दे. आपल्या 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली गीतं चारचौघांत म्हणताना तुझा आवाज कापत नसेल. मग आधी एक कडवं म्हण आणि त्याच दमात बोलायला लाग.

मेसमध्ये डोळे मिटायचे तर आजपासून मीट. पहिले दोन दिवस पोरी बघतील, तिसऱ्या दिवशी त्यांचं लक्ष भाजीकडं.

वॉर्डाचं मात्र जपून. आपला धर्म पाळण्याचा आणि सांगण्याचा हक्क घटनेच्या कलम 25 नं सगळ्यांना दिलाय, पण बेडवरचा माणूस सलाईनला बांधलेला असतो, त्याला उठून जाता येत नाही. त्यानं विचारल्याशिवाय आपण सुरू करायचं नाही. औषधाच्या वेळेला तर नाहीच. नको म्हणाला तर तिथंच थांबायचं. आज्जींनी स्वतः मागितलं होतं, म्हणून तुझं गप्प बसणं तुला टोचलं. ते टोचणं खरं आहे.

आता पप्पांकडं येऊ. ते बरोबर बोलतायत, फक्त कारण त्यांनी सांगितलं नाही, ते मी सांगते. जीएनएम तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. मध्येच सोडलास तर हातात काहीच उरत नाही. पुरा करून नर्सिंग कौन्सिलची नोंदणी घे, मग दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग केलंस की पदवी होते. पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीसारख्या ठिकाणी बी. डी., म्हणजे धर्मशास्त्राची पदवी, करायची झाली तर नर्सिंगची पदवी कामाला येईल. बी. डी. घेताना ती सेरामपूरच्या सिनेटची, म्हणजे धर्मशास्त्राच्या पदव्या देणाऱ्या मंडळाची, आहे का ते बघ. सेरामपूर म्हणजे बंगालमधलं, 1818 चं कॉलेज असलेलं. आपल्याकडचे लोक हमखास नगरचं श्रीरामपूर समजतात.

कवी नारायण वामन टिळकांनी मिशनचं काम सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला तो 1917 साली. तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती आणि बाप्तिस्म्याला बावीस वर्षं झाली होती. तू अजून विशीत आहेस. आणि ज्या मिरजेत तू शिकतेस, तिथं मिशनरी डॉ. वॉन्लेसनी 1894 मध्ये हॉस्पिटल उभं केलं आणि या गावात औषध आणि प्रार्थना एकाच छपराखाली आली. नर्स राहून देवाचं काम होत नाही, असं तुला कुणी सांगितलं?

हे पत्र मिळेल तेव्हा आज्जींचा डिस्चार्ज झाला नसला तर ड्यूटी संपल्यावर त्यांच्या बेडपाशी जा. विचार, "आज्जी, त्या दिवशी मागायचं राहिलं, आता मागू का?" हो म्हणाल्या तर हात धर आणि दोन वाक्यांत माग. आवाज कापला तर कापू दे. डिस्चार्ज झाला असला तर केस पेपरवरचा नंबर काढून फोन करत बसू नकोस, ते नियमाबाहेरचं आहे. हॉस्टेलवर त्यांच्यासाठी मोठ्यानं प्रार्थना कर, रूममेट जागी असताना.