ब्ल्यू फिनिश आणि स्टेनलेस रिव्हॉल्वरची निगा वेगवेगळी ठेवावी लागते का? सांभाळायला सोपं कोणतं?

सोपं स्टेनलेस. झालं उत्तर. पण "स्टेनलेसला काही करावंच लागत नाही" असं कुणी तुमच्या डोक्यात भरवलं असेल, तर पुढचं वाचा. असा एक माणूस आमच्याच घरात आहे, माझे साडभाऊ.

माझ्याकडे वडिलांचं कानपूरच्या कारखान्याचं पॉइंट थ्री टू रिव्हॉल्वर, ब्ल्यू फिनिशचं, म्हणजे दिसायला काळंच. साडभाऊंकडे जुनं परदेशी स्टेनलेस. पंगतीला बसलो की सुरू: "ते काळं विकून टाका, किती दिवस तेल पाजत बसता?" 2019 च्या विधानसभेची आचारसंहिता 21 सप्टेंबरला लागली आणि दोघांनाही पोलीस ठाण्यात शस्त्र जमा करायची नोटीस आली. नागपुरातला पाऊस अजून हटला नव्हता. मी वडिलांच्या पद्धतीने नळीतून आणि सिलिंडरच्या प्रत्येक घरातून तेलाचा बोळा फिरवला, वरून पातळसा हात मारला, बोटांचा घाम लागू नये म्हणून सुती हातमोजे घालून जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलं. होल्स्टर घरीच. ठाण्यात विचारलंही, "कव्हर काऊन नाही आणलं?" साडभाऊंनी मात्र चामड्याच्या होल्स्टरमध्ये, बटण लावून, होतं तसं दिलं.

निकालानंतर परत मिळालं. माझं जसंच्या तसं. त्यांच्या हॅमरच्या, म्हणजे घोड्याच्या, बुडाशी आणि स्क्रूच्या खाचांत तांबूस ठिपके, पट्ट्यातली काडतुसं कळकून हिरवी. म्हणाले, "ठाण्यातल्या ओलीने झालं." ओल दोघांनाही तीच होती ना बाप्पा!

चामडं ओल धरून ठेवतं, आणि कमावताना वापरलेले क्षार त्यात असतातच. स्टेनलेसमध्ये किमान 10.5 टक्के क्रोमियम असतं, त्याची अदृश्य साय लोखंडाला जपते. पण मीठ आणि कोंडलेली ओल तिलाही भोक पाडते. शिवाय हॅमर, स्क्रू, स्प्रिंगा बऱ्याचदा साध्या पोलादाच्या. ब्ल्यूइंग म्हणजे मुळात लोखंडाचाच काळा ऑक्साइड, तोही अगदी पातळ. राखतं ते त्यात मुरलेलं तेल. तेल उडालं की पोलाद उघडं.

आपल्याकडे पावसाळ्याइतकाच उन्हाळा वाईट, तो कूलरमुळे. बाहेर 45 डिग्री आणि खोलीत खसची ओल. शस्त्राचं कपाट कूलरच्या खोलीत ठेवू नका.

खोबरेल तेल नको, थंडीत थिजतं. डब्ल्यूडी-फोर्टी ओल हटवायला ठीक, पण त्यावर महिनोन्महिने विसंबू नका. शिसं काढणारं, रसायन लावलेलं फडकं स्टेनलेसच्या सिलिंडरवरची काळी वर्तुळं छान काढतं, ब्ल्यूवर फिरवलं तर रंगच घेऊन जातं. दोन्ही प्रकारांत नळीला ब्राँझचाच ब्रश, आणि रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीखालची दारूची काजळी तर नक्की काढा, सिलिंडर तिथेच अडतं.

हो, निकेलचा मुलामा असेल तर अमोनियावालं सॉल्व्हंट लावू नका. आतली यंत्रणा स्वतः उघडू नका, परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे द्या. आणि हे सगळं रिव्हॉल्वर रिकामं करून, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून.

साडभाऊ वाचत असतील तर: मॅट स्टेनलेसवरचे ठिपके तेल लावून बारीक नायलॉनच्या घासणीने, रेघांच्या दिशेनेच, निघतात. ती घासणी घेऊन माझ्या काळ्याजवळ मात्र यायचं नाही.