ग्रीक ऑलिगार्की वाचायला घेताय? आधी एवढंच करा

सगळी नगरराज्यं एकदम उघडून बसू नका. अथेन्स पुरे. तिथली लोकशाही उलथवणारी इ.स.पू. 411 आणि 404 ही दोन सत्तांतरं समजली की निम्मं काम झालं.

नवीन वाचक 'मूठभरांचं राज्य' एवढ्यावरच थांबतात. पण अ‍ॅरिस्टॉटलच्या मते प्रश्न डोक्यांचा नाही, पैशाचा आहे. श्रीमंत बहुसंख्य असले तरी त्यांची सत्ता ती ऑलिगार्कीच. म्हणून प्रत्येक वेळी विचारा:

- पदासाठी मालमत्तेची अट आहे का?
- पदाला मानधन मिळतं का?
- हक्क असलेल्यांच्या यादीत नाव कोणाचं, आणि ते खोडतो कोण?

411 मध्ये चारशे जणांच्या राजवटीने बहुतेक पदांचं मानधन बंद केलं. हातावर पोट असलेला माणूस आपसूक बाहेर. 404 मध्ये तीस जणांच्या राजवटीने हक्क असलेल्या 3,000 जणांची यादी केली आणि बाकीच्यांची शस्त्रं काढून घेतली. यादीतल्या माणसाला परिषदेच्या मताशिवाय मारता येत नव्हतं. मग त्या तिसांचा म्होरक्या क्रिटियास याने तिसांपैकीच एक असलेल्या थेरामेनीसचं नावच खोडलं, आणि त्याला विष प्यावं लागलं. तिसरा प्रश्न त्यासाठीच!

उगमासाठी दोनच टप्पे धरा. कॉरिंथमध्ये बाकियाड हे एकच कूळ राज्य करी. इ.स.पू. 594 च्या सुमारास सोलोन या कायदेकर्त्याने अथेन्समध्ये पदं कुळाऐवजी शेतीच्या उत्पन्नाला जोडली. वरचा वर्ग 500 मापं पिकवणाऱ्यांचा.

स्पार्टापासून सुरुवात मात्र नको. दोन राजे, 28 ज्येष्ठ, दरवर्षी निवडलेले पाच इफोर (राजांवरही देखरेख ठेवणारे अधिकारी): ती खिचडी आहे, नंतर बघा.