डीएनए-आरएनएपासून बनवलेलं, हवं तेव्हा थांबवता येणारं रक्त पातळ करण्याचं औषध खरंच आलंय का?

आईंची चालू गोळी बंद करून त्याऐवजी देता येईल असं औषध अजून आलेलं नाही. हे आधीच सांगतो, कारण तुमच्या प्रश्नात तीच आशा दिसते. तुम्ही लिहिलंय की आईंच्या हृदयातल्या मायट्रल झडपेच्या जागी धातूची झडप आहे, अ‍ॅसिनोकूमारॉल ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे, आता दाढ काढायची आहे, आणि रक्त लगेच पूर्ववत करता येणारी डीएनए-आरएनएची औषधं तयार होताहेत असं वाचनात आलं. तुम्ही वाचलंत ते खरं आहे. पण ही औषधं वेगळ्या प्रसंगांसाठी आहेत, आणि त्यांची वाटचाल सरळ झालेली नाही.

मी बडोद्यात परफ्यूजनिस्ट आहे, म्हणजे हृदयाच्या शस्त्रक्रियेत हृदय-फुप्फुस यंत्र चालवतो. रक्त गोठणं थांबवायचं आणि काम झालं की पुन्हा सुरू करायचं, हे आमचं रोजचं काम. पेशंटला पंपावर घेण्याआधी वजनाच्या किलोमागे 300 ते 400 युनिट हेपॅरिन देतात. रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते मोजायचं, तो आकडा साधारण 480 च्या वर गेला की मगच पंप सुरू. पंप बंद झाल्यावर प्रोटामिन देऊन हेपॅरिनचा परिणाम काढून टाकायचा. हेपॅरिन डुकराच्या आतड्यातून काढतात, प्रोटामिन मूळचं सामन माशाच्या वीर्यातलं. एकावर ऋण भार, दुसऱ्यावर धन भार, म्हणून दोघं एकमेकांना धरतात. ही जोडी कुणी ठरवून बनवलेली नाही, योगायोगाने सापडली आणि आजही जगभरातली हृदयशस्त्रक्रिया तिच्यावर चालते.

ती चालते, पण प्रोटामिन सुरू झालं की ऑपरेशन थिएटरमधल्या सगळ्यांची नजर मॉनिटरवर असते. काही पेशंटचा रक्तदाब एकदम कोसळतो, फुप्फुसाच्या धमनीतला दाब चढतो. एनपीएच इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींमध्ये हा धोका जास्त, कारण त्या इन्सुलिनमध्येच प्रोटामिन असतं आणि शरीर त्याच्याविरुद्ध आधीच तयार झालेलं असू शकतं. हेपॅरिनचंही तेच. प्राण्यांपासून येणारा माल असल्यामुळे 2007-08 मध्ये त्यात अतिसल्फेटित कॉन्ड्रॉइटिन सल्फेट या रसायनाची भेसळ निघाली आणि अमेरिकेत त्यापायी माणसं दगावली. त्यामुळे प्रयोगशाळेत अक्षर-अक्षर जोडून बनवता येणाऱ्या, स्वतःचा उतारा सोबत घेऊन येणाऱ्या औषधाबद्दल मी जेव्हा वाचतो, तेव्हा मला त्याची निकड आतून कळते.

आता ते औषध काय आहे ते. 1990 मध्ये कोलोरॅडोत क्रेग टर्क व लॅरी गोल्ड यांनी आणि बॉस्टनमध्ये अँड्र्यू एलिंग्टन व जॅक शोस्टाक यांनी वेगवेगळं काम करून एकच युक्ती काढली. आरएनएचे कोट्यवधी कोटी निरनिराळे तुकडे यादृच्छिक क्रमाने बनवायचे, ते एखाद्या रेणूसमोर सोडायचे, जे त्याला चिकटतील तेवढे ठेवून बाकीचे धुऊन टाकायचे, उरलेल्यांच्या प्रती काढायच्या आणि पुन्हा तेच. काही फेऱ्यांनंतर त्या रेणूला घट्ट धरणारे मोजके तुकडे हातात राहतात. त्यांना अ‍ॅप्टामर म्हणतात. इथे आरएनए कुठलाही जनुकीय संदेश देत नाही. ती साखळी घडी पडून एक ठरावीक आकार घेते आणि त्या आकाराच्या जोरावर प्रथिनाला धरते. 1992 मध्ये थ्रॉम्बिनला धरणारा, अवघ्या 15 अक्षरांचा डीएनए अ‍ॅप्टामर प्रसिद्ध झाला. रक्त गोठवणाऱ्या साखळीतलं थ्रॉम्बिन हे शेवटचं मोठं विकर, त्यामुळे पहिलाच नेम मोक्याच्या जागी बसला होता.

खरी कल्पकता त्यानंतरची आहे, ड्यूक विद्यापीठातल्या ब्रूस सलेंजर आणि क्रिस्टोफर रुस्कोनी यांच्या गटाची. अ‍ॅप्टामरच्या अक्षरांचा क्रम माहीत असला की त्याच्याशी जोडी जमवणारा पूरक क्रम कागदावर लिहिता येतो. तो पूरक तुकडा रक्तात सोडला की तो अ‍ॅप्टामरला चेनच्या दुसऱ्या पट्टीसारखा जाऊन बसतो, घडी उलगडते, आकार मोडतो आणि प्रथिन मोकळं होतं. नेहमीच्या औषधांत उतारा नंतर शोधावा लागतो. डॅबिगाट्रान हे रक्त पातळ करणारं औषध अमेरिकेत 2010 मध्ये मंजूर झालं आणि त्याचा उतारा इडारुसिझुमॅब 2015 मध्ये आला. मधली पाच वर्षं रक्तस्राव झालेल्या पेशंटसमोर डॉक्टरांकडे नेमका उतारा नव्हता. अ‍ॅप्टामरच्या बाबतीत औषधाचा क्रम कळतो त्या दिवशी उताऱ्याचाही कळतो. माझ्या मते या सगळ्या संशोधनाचं मोल यातच आहे, रक्त पातळ करण्यात नाही. रक्त पातळ करणारी औषधं आपल्याकडे भरपूर आहेत.

त्यांनी 2002 मध्ये रक्त गोठवणाऱ्या साखळीतल्या घटक 9-अ ला धरणारा आरएनए अ‍ॅप्टामर आणि त्याचा उतारा जाहीर केला. (घटक 9 जन्मतः कमी असला की हिमोफिलिया बी होतो, त्यावरून त्याचं महत्त्व लक्षात येईल.) पुढे त्याचं औषध झालं, पेग्निव्हाकोजिन, 31 अक्षरांचं. उतारा अ‍ॅनिव्हामर्सेन, 15 अक्षरांचा. साधा आरएनए रक्तातली विकरं चटकन कापून टाकतात, म्हणून काही अक्षरांवर फ्लोरिन लावलं. रेणू लहान, मूत्रपिंडातून गाळला जाऊ नये म्हणून त्याला पॉलिइथिलीन ग्लायकॉलची म्हणजे पेगची लांब शेपटी जोडली. माणसांत उतारा दिल्यावर काही मिनिटांत रक्त पूर्ववत होत होतं. शिवाय उतारा मोजून देता येत होता. एका चाचणीत 25, 50, 75 आणि 100 टक्के असे वेगवेगळे प्रमाण ठेवून परिणाम तेवढाच उतरवून पाहिला. प्रोटामिन देताना असा मधला टप्पा भरवशाने गाठता येत नाही, त्यामुळे मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

2006 मध्ये ही जोडी डुकरांवर हृदय-फुप्फुस यंत्र लावूनही वापरून पाहिली होती आणि हेपॅरिन-प्रोटामिनपेक्षा दाह कमी दिसला. पण माणसांतली मोठी चाचणी अँजिओप्लास्टीच्या पेशंटवर झाली, बिव्हॅलिरुडिन या आधीपासून वापरात असलेल्या रक्त पातळ करणाऱ्या औषधाच्या तुलनेत. 13,200 पेशंट घ्यायचे ठरले होते. 2014 मध्ये 3,232 वर ती थांबवावी लागली. नव्या औषधाच्या 1,605 पेशंटपैकी 10 जणांना तीव्र अ‍ॅलर्जी झाली, दुसऱ्या बाजूला 1,600 पैकी एकाला. पुढच्या तपासात बोट आरएनएकडे गेलं नाही, पेगच्या शेपटीकडे गेलं. ज्यांना त्रास झाला त्यांच्या रक्तात पेगविरुद्धची प्रतिपिंडं आधीपासूनच भरपूर होती. पेग पोट साफ करायच्या औषधांत असतं, क्रीम-लोशनमध्ये असतं, म्हणून अनेकांचं शरीर त्याला ओळखून असतं. इतकी सुंदर कल्पना केवळ शेपटीपायी अडली, याचं मला अजूनही फार वाईट वाटतं.

काम मात्र थांबलेलं नाही. ड्यूकच्याच लोकांनी 2018 मध्ये घटक 10-अ चा अ‍ॅप्टामर आणि त्याच घटकाला दुसऱ्या जागी रोखणारं छोट्या रेणूचं औषध एकत्र वापरून, शरीराबाहेरच्या नळ्यांतून फिरणारं माणसाचं रक्त गोठण्यापासून रोखून दाखवलं आणि उताऱ्याने परत आणलं. माझ्या कामाला हे सर्वांत जवळचं. 2024 मध्ये जिनिव्हा आणि सिडनीच्या गटांनी आणखी वेगळी वाट काढली. थ्रॉम्बिनला धरणारे दोन छोटे तुकडे, आणि त्यांना एकत्र ठेवणारी पेप्टाइड न्यूक्लिइक आम्लाची, म्हणजे डीएनएसारख्या कृत्रिम रेणूची जोडी. ती जोडी सोडवणारा तुकडा टाकला की औषधाचे दोन भाग अलग होतात आणि जोर संपतो. हे अजून प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर आहे.

तुमच्या लक्षात आलं असेल, ही सगळी शिरेतून द्यायची, ऑपरेशन किंवा अँजिओप्लास्टीच्या काही तासांपुरती औषधं. आईंना रोज आणि आयुष्यभर औषध लागणार. धातूच्या झडपेला डॅबिगाट्रानसारख्या नव्या गोळ्याही चालत नाहीत. ते तपासून पाहिलं होतं, झडपेवर गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढले, म्हणून चाचणी थांबवली. म्हणजे अ‍ॅसिनोकूमारॉल किंवा वॉरफॅरिन, आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी. त्याचा उतारा व्हिटॅमिन के. पण त्याला काही तास लागतात, आणि जास्त दिलं तर पुढे कित्येक दिवस गोळी नीट लागू पडत नाही आणि झडपेला धोका होतो.

आमच्याकडे दाहोद, छोटा उदेपूर, अलीराजपूरकडून झडपेचे पेशंट येतात. आयएनआर तपासायला त्यांना बसचा प्रवास करावा लागतो, आणि तपासणी चुकते. जानेवारीत उत्तरायणाच्या वेळी मला यांची विशेष काळजी वाटते. घरोघरी मेथीचे मुठिये घातलेलं उंधियू चालू असतं, मेथीतल्या व्हिटॅमिन केमुळे आयएनआर खाली येऊ शकतो. त्याच दिवसांत गच्चीवर मांजाने बोट कापलं तर रक्त लवकर थांबत नाही. आईंना भाजी बंद करू नका, रोज साधारण तेवढीच असू द्या.

दाढेसाठी गोळी स्वतःहून बंद करू नका. दोन-चार दिवसांची सुट्टीही धातूच्या मायट्रल झडपेला महागात पडू शकते. दाढ काढायच्या आदल्या दिवशी आयएनआर करा, तो आकडा हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा आणि दंतवैद्याला आधीच सांगा. आकडा ठरलेल्या मर्यादेत असेल तर एखादी दाढ बहुधा गोळी चालू ठेवूनच काढतात, टाके घालून आणि रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक आम्लाच्या गुळण्या देऊन. झडप असल्यामुळे दाढ काढण्याआधी अँटिबायोटिकचा डोसही लागतो, तो त्याच भेटीत लिहून घ्या.