ऑक्टोबरच्या शेवटच्या वीकेंडला मुलांना घेऊन सेलमचं हॅलोविन बघायला जावं का?

सेलम म्हणजे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातलं, बॉस्टनजवळचं, चेटकिणींच्या खटल्यांमुळे प्रसिद्ध झालेलं गाव. शेवटचा वीकेंड सोडून कधीही जा. बॉस्टनमध्ये आठवडाभर आहात म्हणता, तर मधल्या एखाद्या वारी सकाळी नॉर्थ स्टेशनवरून ट्रेन पकडा, अर्ध्या तासात पोचाल. गाडी अजिबात नेऊ नका. जेमतेम ४४ हजार वस्तीच्या गावात हल्ली एकट्या ऑक्टोबरमध्ये दहा लाखांवर माणसं येतात.

मात्र 'हॉन्टेड हाऊस (भुताटकीचं घर) कोणतं चांगलं' असंही तुम्ही विचारलंय, त्याचं उत्तर मी देणार नाही. सेलममध्ये चेटकिणी नव्हत्याच. १६९२ साली तिथे चेटूक केल्याच्या आरोपावरून १४ बायका आणि ५ पुरुष, अशा १९ निरपराध माणसांना फासावर चढवलं. जाइल्स कोरी या म्हाताऱ्या शेतकऱ्याने खटला चालवून घ्यायलाच नकार दिला, तर त्याला दगडांखाली चिरडून मारलं. मुलांना आधी हे सांगा, चेटकिणीच्या टोप्या नंतर घ्या.

माझी आई इकडे आली होती तेव्हा दीर-जाऊ आणि पुतण्यांबरोबर आम्ही सगळे गेलो होतो. आईची सगळी नोकरी धडगाव भागात नर्स म्हणून झाली. सातपुड्यात घरात पोर दगावलं की कुणीतरी बोट दाखवतं, भगत एखादीला डाकीण ठरवतो, आणि मग तिचे हाल कुत्रा खात नाही. आईने अशा बायकांची फुटलेली डोकी शिवली आहेत. आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा यायला २०१३ साल उजाडलं, तेही डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर.

सेलममध्ये चार्टर स्ट्रीटच्या जुन्या दफनभूमीला लागून त्या वीस जणांचं, १९९२ साली केलेलं स्मारक आहे. दगडी भिंतीतून वीस बाकं बाहेर आलेली, प्रत्येकावर नाव, तारीख आणि कसं मारलं ते. आत शिरताना पायाखालच्या दगडांवर त्या माणसांनी निर्दोष असल्याचं सांगितलेले शब्द कोरले आहेत, आणि ते भिंतीपाशी मध्येच तुटतात. त्या दिवशी सारा गुडच्या बाकावर कुणीतरी कॉफीचे कप ठेवून टोप्यांसकट फोटो काढत होतं. ते गेल्यावर आईने कप उचलून डब्यात टाकले आणि विचारलं, "ही कोण होती गं?"

सारा गुड दारोदार मागून खायची. कुणी हाकललं की पुटपुटत निघून जायची, तो शाप समजला गेला. तिची चार-पाच वर्षांची मुलगीही चेटूक करते म्हणून साखळदंड घालून तुरुंगात टाकली होती. साराचं तान्हं मूल तुरुंगातच दगावलं.

आईने दोन्ही पुतण्यांना जवळ घेतलं आणि धडगावकडच्या एका विधवेची हकीकत सांगितली, जिची शेती चुलत दिराला हवी होती. मोठ्या पुतण्याने विचारलं, सेलमच्या कोर्टाने पुरावा नाही का मागितला? मी सांगितलं, 'हिची सावली येऊन मला चिमटे काढते' हाच सेलममध्ये पुरावा धरला होता. चौकशी करणाऱ्या जॉन हॅथॉर्नची कबर शेजारच्या दफनभूमीत आहे, तीही दाखवली. फाशी दिलेल्यांना तिथे जागा मिळाली नव्हती. मुलं एकामागून एक प्रश्न विचारत होती.

भाऊजी मात्र चिडले. "वहिनी, मुलांना आजचा दिवस तरी मजा करू द्या. फाशीच्या गोष्टी कशाला?" हा वाद आमच्याकडे दर दिवाळीला निघतो. माझं म्हणणं एवढंच, की कवट्या, रक्त, तुटलेले हात मुलांना चालतात, मग एका खऱ्या बाईचं नाव का चालू नये? तेव्हा दोषी ठरवलेल्या एलिझाबेथ जॉन्सनला मॅसॅच्युसेट्सने २०२२ साली निर्दोष जाहीर केलं, ते नॉर्थ अँडोव्हरच्या आठवीतल्या मुलांनी आणि त्यांच्या शिक्षिकेने पाठपुरावा केला म्हणून. मुलांना झेपतं. भाऊजी, तुम्ही हे वाचत असाल तर तुमच्यासाठीही लिहितेय.

बाकी, उत्सवाला माझा विरोध नाही. १९८२ पासून तो चालतो, गावातली कितीतरी दुकानं त्यावर उभी आहेत, आणि मुलांनी वेश करून फिरायला काहीच हरकत नाही. स्वतःला 'विच' म्हणवणारी माणसंही तिथे राहतात. तो त्यांचा धर्म आहे, त्यांच्याकडे बोट दाखवून हसू नका. पानांचे रंग बॉस्टनच्या आसपास महिन्याच्या उत्तरार्धात चांगले असतात. पाऊस लागला तर पीबॉडी एसेक्स म्युझियममध्ये शिरा. भारताशी व्यापार करणाऱ्या सेलमच्या कप्तानांनी १७९९ साली ते सुरू केलं. आपल्या पंढरपुरात जन्मलेल्या हुसेनांची चित्रं त्यांच्या संग्रहात आहेत, पण ती कायम मांडलेली नसतात, आधी चौकशी करा. फाशी दिली ती जागा, प्रॉक्टर्स लेज, पोप स्ट्रीटवर आहे. २०१७ पासून तिथेही स्मारक आहे. लोकांच्या घरांना लागूनच आहे, तेव्हा मुलांना आरडाओरडा करू देऊ नका.